पांढऱ्यात निळीचा थेंब

३ जानेवारी, सकाळी ६.४५
नवी वही. ही कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.
पहिलं खरं: आमच्या रंगाच्या कारखान्यात माझ्याइतकी नजर कोणाची नाही. पांढऱ्याच्या एकोणीस शेड्स आहेत, त्या मी डोळे मिटून ओळखतो. म्हणजे उघडूनच, पण पटकन.
दुसरं खरं: शेड रूमचे इन्चार्ज फेब्रुवारीअखेर रिटायर होताहेत. जागा एक, उमेदवार दोन. मी आणि भिंग. भिंग म्हणजे माझा सहकारी. एवढा जाड चष्मा लावून रंग पास करतो, हे म्हणजे बहिऱ्यानं गाण्याला मार्क देण्यासारखं आहे.
तिसरं खरं: माझे डोळे लाल आहेत. लहानपणापासून. काल मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी माझ्याकडे बघत विचारलं, काय हो, झोप होते ना नीट? बाकीचे एकदम टेबलाकडे बघायला लागले. कशासाठी, ते कळलं नाही.
संकल्प: फेब्रुवारीच्या आत डोळे पांढरे करणे.

६ जानेवारी
गुलाबपाणी घातलं. काकडी ठेवली. आठ तास झोपलो. आरशात बघितलं. लालच.
सासूबाई म्हणाल्या, काकडी खायची असते. सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांना सौंदर्यशास्त्र कळत नाही.

९ जानेवारी, दुपारी
जाहिरात सापडली. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा करून देतात. कायमचा. आठ दिवसांत.
रजा टाकून क्लिनिकमध्ये गेलो. डॉक्टर सारखे हसतात. त्यांचे दात आमच्या शेड कार्डावरच्या सतरा नंबरच्या पांढऱ्याशी तंतोतंत जुळतात. इतक्या नीटनेटक्या माणसावर विश्वास ठेवायला हरकत नाही.
त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या पांढऱ्यावर एक पातळ पापुद्रा असतो. लाल शिरा त्या पापुद्र्यात. तो काढून टाकायचा, वर एक औषध लावायचं म्हणजे शिरा परत येत नाहीत. खाली मूळचा पांढरा असतोच.
मला हे एकदम पटलं. वीस वर्षं मी हेच सांगतोय की खराब थरावर नवा हात मारू नका, आधी खरवडून काढा. डॉक्टर म्हणजे आपल्याच लायनीतला माणूस निघाला.
अकरा पानांचा फॉर्म होता. पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं. मधल्या पानांवर बारीक अक्षरात काहीतरी होतं, ते सगळ्यांसाठी असतं.
मी शेड कार्ड बरोबर नेलं होतं. चौदा नंबरवर बोट ठेवून सांगितलं, हा हवा. पंधरा नको, तो जरा थंड वाटतो. डॉक्टर हसले. म्हणजे हो.

१२ जानेवारी
प्लॅन तयार.
हिला सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग आहे, परगावी, आठ दिवस. ऑफिसात सांगितलं, हिचं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. ही म्हणजे बायको. दोन वेगळी माणसं, दोन वेगळ्या थापा. एकमेकींना कधी भेटणार नाहीत. असा विचार भिंगला सुचणार नाही.
हिला खरं का सांगत नाही? कारण ती हसेल. सतरा वर्षांत मी तिला मला हसू दिलेलं नाही. म्हणजे ती हसते, पण मी दिलेलं नाही.

२५ जानेवारी, लॉज, सकाळ
क्लिनिकसमोरच्या लॉजमध्ये आहे. ऑपरेशन वीस तारखेला झालं. पाच दिवस लिहिता आलं नाही, कारण वही दिसत नव्हती.
डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. फोन केला. म्हणाले, नॉर्मल. पाणी थांबत नाही. नॉर्मल. उजेडाकडे बघवत नाही. नॉर्मल. मी विचारलं, नॉर्मल नसलेलं काय असतं? फोनवरची मुलगी म्हणाली, सर, तुम्ही फार पॉझिटिव्ह आहात.
दिवसभर पडदे लावून कॉटवर पडून. खोली दहा पावलं लांब, सहा रुंद. मोजायला काही लागत नाही, फक्त चालावं लागतं. हिनं व्हिडिओ कॉल केला, तो कट केला. मेसेज टाकला, क्लासमध्ये आहे. तिनं विचारलं, रविवारी? मी लिहिलं, ट्रेनिंग कडक आहे.

२९ जानेवारी
घरी. आरशासमोर कार्ड धरलं. डावा: चौदा. उजवा: चौदा. नखभर फरक नाही.
ही बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, काहीतरी वेगळं दिसतंय. मी म्हणालो, ट्रेनिंग.
एक चमत्कारिक गोष्ट. सासूबाई माझ्याकडे बघून आत गेल्या, कपाटाचं कुलूप काढलं आणि खोकल्याच्या औषधाची बाटली उघड्या फळीवर आणून ठेवली. हे औषध कुलपात असतं हे मला आज कळलं.

३१ जानेवारी
मोठ्या साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि माझा हात हातात धरला. म्हणाले, अभिनंदन, सोडलीत.
मी विचारलं, काय?
म्हणाले, आता लाजू नका, सगळ्यांना माहीत होतं.
अर्धं मिनिट गेलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दारू. हा अख्खा कारखाना वीस वर्षं मला दारुडा समजत होता. गेटवरचा वॉचमनसुद्धा. मी, ज्याला खोकल्याच्या औषधानं गरगरतं.
तोंड उघडणार होतो. तेवढ्यात साहेब म्हणाले, पित्ताशयाचं वगैरे मला कळलं हो, अशा वेळी घरच्यांचं नाव पुढे करावं लागतं. अशी जिद्द असलेला माणूसच इन्चार्ज व्हायला हवा.
तोंड मिटलं. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

१७ फेब्रुवारी
कारखान्याच्या कँटीनमध्ये कामगारांसमोर बोललो. विषय: मी व्यसन कसं सोडलं. वीस मिनिटं. थेंबही न घेता एवढं बोलणं म्हणजे गंमत नाही. तपशील कमी पडले तिथे आवाज जड केला. पॅकिंगमधला एक माणूस रडला आणि म्हणाला, आजपासून बंद.
म्हणजे माझ्या डोळ्यांनी एक संसारही वाचवला. हे क्लिनिकच्या माहितीपत्रकात घालायला हवं.
भिंग पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. चष्म्यामुळे चेहरा समजत नाही.

१ मार्च, संध्याकाळी ६.००
इन्चार्ज झालो. नवा करडा कोट मिळाला.
शेड रूममध्ये भिंती करड्या, टेबल करडं, कोट करडे. आजूबाजूला रंग असला की नजर फसते म्हणून. उजेड फक्त उत्तरेच्या मोठ्या खिडकीतून. तिथे उभं राहून ताजी बॅच आणि मूळ नमुना शेजारी धरायचे आणि सही करायची, पास किंवा फेल. माझ्या सहीशिवाय या कारखान्यातून डबा बाहेर जात नाही. या एका गोष्टीसाठी मी सकाळी उठतो. दुसरं मला काही येत नाही, आणि येण्याची गरजही पडलेली नाही.
किरकोळ अडचण: खिडकीचा उजेड सहन होत नाही. काळा चष्मा लावता येत नाही, कारण दारावर पाटी आहे, रंगीत काचेचा चष्मा सक्त मना. पाटीखाली सही माझीच.
उपाय: खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं. बाकीच्यांना वाटतं, मी विचार करतोय.

११ एप्रिल
डाव्या बाजूला बघितलं की एका कार्डाची दोन दिसतात. शांतपणे विचार केला. आमच्या कामात तुलनाच करायची असते. फायदाच आहे.
क्लिनिकला फोन. म्हणाले, सेटल होतंय.
दर दोन तासांनी थेंब घालायचे असतात. बाथरूममध्ये जाऊन घालतो. बाहेर येतो तेव्हा डोळे ओले, खिशात बाटली. आज दारात भिंग उभा होता. म्हणाला, काही लागलं तर सांगा. काय लागणार आहे मला?

९ मे
डाव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, खडूच्या कणाएवढा पांढरा ठिपका आलाय. मिटताना टोचतो.
क्लिनिकच्या मुलीनं सांगितलं, एक्स्ट्रा व्हाइटनेस आहे, सर. डॉक्टर? डॉक्टर परदेशी गेलेत. कधी येतील? ती म्हणाली, तेही सेटल होतंय.

१४ जून, सकाळी ७.३०
मोठी बातमी. डावा डोळा निळसर दिसतोय.
तीनदा बघितलं, खिडकीपाशी जाऊन बघितलं. ठिपक्याच्या शेजारी, मसुराएवढ्या जागेत, अगदी हलकी निळी झाक. अनाडी माणूस घाबरला असता. मी हसलो. सगळ्यांत भारी पांढरा कसा बनतो हे बाहेरच्यांना माहीत नसतं. नुसता पांढरा पिवळट दिसतो. त्यात निळीचा एक थेंब टाकावा लागतो, तेव्हा तो झळकतो. आमचा अठरा नंबर असाच बनतो. धुतलेल्या कपड्यांना नीळ देतात ती काय उगाच?
चौदा मागितला होता, अठरा मिळाला. क्लिनिकला उगाच नावं ठेवली. आभाराचा मेसेज पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

२७ जून
डोळे लाल. दोन्ही. पूर्वीपेक्षा जास्त. डावा ठणकतोय, कपाळापर्यंत.
ही दोनदा म्हणाली, डॉक्टरकडे चला. मी म्हणालो, धूळ. डॉक्टर पहिला प्रश्न विचारणार, हे कोणी केलं? आणि ही शेजारी उभी असणार.
सासूबाईंनी खोकल्याचं औषध परत कुलपात ठेवलं. किल्ली कमरेला.

१ जुलै
एका हॉस्पिटलनं भिंतींसाठी चौदा नंबर मागवला होता. मी पास केलेल्या बॅचेसमध्ये निम्म्या बारा नंबरच्या निघाल्या. वॉर्डाची एक भिंत पांढरी आणि एक साईच्या रंगाची. त्यांच्या माणसानं फोटो पाठवला. मला फोटोत फरक दिसला नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितोय, कारण पहिल्याच पानावर तसं ठरलं होतं.
साहेब माझ्या फार जवळ येऊन बोलले. वास घेत होते. मी सकाळी पुदिन्याची गोळी खाल्ली होती, त्यामुळे संशय पक्का झाला.

२ जुलै
दोन्ही थापा भेटल्या.
साहेबांनी हिला फोन केला. म्हणाले, वहिनी, जानेवारीत तुम्ही किती सोसलंत, आता परत तेच. पित्ताशयाचा बहाणासुद्धा तुम्ही चालवून घेतलात. ही म्हणाली, कुठलं पित्ताशय? जानेवारीत तर तुमचं ट्रेनिंग होतं. साहेब म्हणाले, कुठलं ट्रेनिंग?
संध्याकाळी ही समोर खुर्ची घेऊन बसली. आरडाओरडा नाही. म्हणाली, एवढंच सांगा, ते आठ दिवस तुम्ही कुठे होतात?
मी म्हणालो, वेळ आल्यावर सांगेन.
म्हणाली, वेळ कोण आणणार आहे?
मी उठून थेंब घालायला गेलो.

३ जुलै
साहेबांनी दोन पर्याय दिले. व्यसनमुक्ती केंद्रात अठ्ठावीस दिवस, कंपनीच्या नियमानुसार भरपगारी. नाहीतर राजीनामा.
खरं सांगावं का? नीट तोललं. दारुड्याची लोकांना दया येते. डोळे गोरे करून घेणाऱ्या पुरुषाची येत नाही. वॉचमन रिटायर होईपर्यंत मला हिरॉइन म्हणेल. भिंग तोंडावर काही बोलणार नाही, ते जास्त वाईट.
निर्णय: केंद्र. विश्रांती मिळेल, डोळा बसेल, अठ्ठावीस दिवसांनी नव्या दमानं हजर. एका दगडात दोन पक्षी.

५ जुलै, केंद्र
चार कॉट, चार लोखंडी कपाटं. खिडकी चार बोटं उघडते, त्यापुढे खिळा ठोकलाय. दाराला आतून कडी नाही.
दारातच सगळ्या बाटल्या काढून घेतल्या. माझे थेंबसुद्धा. म्हणाले, आमचे डॉक्टर गुरुवारी येतात, ते बघतील. तेल, अत्तर, आफ्टरशेव्ह, सगळं एका खोक्यात जातं. मागे एकानं कानातलं औषध प्यायलं होतं.
मी सांगितलं, मी पीत नाही. समोरच्या बाईंनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. नंतर कागद पालथा वाचला. लिहिलं होतं: नाकबूल.
रक्त तपासलं, काही निघालं नाही. म्हणाले, येण्याआधी आठवडाभर सगळेच सोडतात.
शेजारच्या कॉटवर एक निवृत्त मास्तर आहेत. म्हणाले, मी अकरा दिवस म्हणत होतो की मी पीत नाही. तुम्ही किती दिवस म्हणणार आहात?

८ जुलै
थेंबांशिवाय तिसरा दिवस. डावा डोळा आतून कोणीतरी चिमटीत धरल्यासारखा. उशीत तोंड खुपसून पडतो. सगळ्यांना वाटतं, दारू सुटल्याचा त्रास होतोय. एकजण येऊन पाय चेपून गेला. चांगली माणसं आहेत. त्यामुळे आणखीच अडकल्यासारखं होतं.
मी नाही म्हणालो की नाकबूल. ओरडलो की तलफ. गप्प बसलो की डिप्रेशन. या खोलीत खरं बोलायला जागाच ठेवलेली नाही. आणि यायचं मीच ठरवलं, हात दाखवून अवलक्षण.

१० जुलै, गुरुवार
केंद्राचे डॉक्टर आले नाहीत. त्यांचे डोळे आलेत म्हणे.

११ जुलै
कबुली दिली.
रोजच्या गटबैठकीत जो कबूल करतो त्याला रविवारी भेटीची परवानगी मिळते. म्हणून उभा राहिलो आणि सांगितलं, मी दारुडा आहे. आदल्या दिवशी मास्तरांकडून माहिती घेतली होती, कधी, किती, कशाबरोबर. कँटीनच्या भाषणाचा अनुभव कामी आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनी मिठी मारली. मास्तर जागचे हलले नाहीत.

१३ जुलै, रविवार
ही आली. संत्री घेऊन आली. बाकावर मध्ये पिशवी ठेवून बसली.
म्हणाली, मी साहेबांना तीनदा सांगितलं की हे पीत नाहीत. ते म्हणतात, सगळ्या बायका असंच म्हणतात. आईनं तर सतरा वर्षांपूर्वीच ठरवलंय. पण मला माहीत आहे तुम्ही पीत नाही. तुम्हाला खोकल्याच्या औषधानं गरगरतं.
बरं वाटलं. एवढा वेळ टिकलं की संत्र्याची एक फोड खाऊन झाली.
मग म्हणाली, म्हणजे मग बाई आहे.
मी म्हणालो, छे.
म्हणाली, मग ते आठ दिवस?
भेटीची पाच मिनिटं उरली होती. तीन गेली. मी संत्र्याच्या शिरा काढत बसलो. ती उठली तेव्हा डोळ्यांना पदर लावला होता, आणि मला दोन दोन दिसत होत्या, दोघीही पाठमोऱ्या.
काय साधतोय मी? हे वाक्य खोडायचं होतं. राहू दे.

१५ जुलै, दुपारी ३.१०
मास्तरांनी मला खिडकीपाशी नेलं. म्हणाले, वर बघा. बराच वेळ डावा डोळा बघितला. मी म्हणालो, निळसर आहे ना, ती खास झाक आहे, आमच्या धंद्यात.
म्हणाले, तुमचा धंदा मला कळत नाही. पण ती जागा फुगलीय, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी.
मग खाली बसून म्हणाले, तीस वर्षं पोरं शिकवली. खोटं बोलणारं पोर मला पाठीवरून कळतं. इथे आम्ही सगळ्यांनी केलेलं कबूल केलं. तुम्ही एकटेच असे, न केलेलं कबूल केलंत. केलेलं कधी करणार?
मी उजवा डोळा मिटून खिडकीकडे बघितलं. गज दिसले नाहीत. नुसता उजेड होता, आणि तो कुठल्या नंबरचा हे मला सांगता येईना.
तेव्हा घाबरलो. खरं लिहायचं तर, जानेवारीपासून घाबरलेलोच होतो.

१५ जुलै, ४.००
केंद्राच्या ऑफिसातून हिला फोन लावला. दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं. लॉज, पापुद्रा, चौदा नंबर, थेंब, निळी झाक.
मग तिनं विचारलं, कुठला डोळा?
मी म्हणालो, डावा.
म्हणाली, चोळू नका, मी निघाले.
तासाभरात आली. केंद्रवाले म्हणाले, अर्धवट सोडता येत नाही, फॉर्म भरावा लागतो, साहेबांची सही लागते. मी दाराच्या आत होतो, त्यामुळे ती काय बोलली ते नीट ऐकू आलं नाही. पण सुटलो. माझे थेंबसुद्धा खोक्यातून परत आले.

१६ जुलै, डोळ्यांचं हॉस्पिटल
डॉक्टरीणबाई हसत नाहीत. त्यांनी यंत्रातून बराच वेळ बघितलं. विचारलं, हे कोणी केलं? ही शेजारी उभी होती. जमीन दुभंगली नाही.
मग समजावून सांगितलं. तो लाल पापुद्रा कचरा नव्हता. त्यातल्या शिरांमधून खालच्या पांढऱ्याला रक्त मिळतं. पापुद्रा काढला, वर औषधानं शिरा जाळल्या, पांढरा उपाशी राहिला आणि झिजत गेला. डाव्या डोळ्यात इतका पातळ झालाय की आतला काळा पडदा दिसतोय.
मी विचारलं, म्हणजे ती निळी झाक?
म्हणाल्या, हो, तीच. डोळ्याचं आतलं बाहेरून दिसत होतं. तुमच्या लक्षात कधी आलं?
मी म्हणालो, चौदा जून, सकाळी साडेसात.
म्हणाल्या, मग महिनाभर आला का नाहीत?
म्हणालो, मला ती छान वाटली.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
उपाय असा. दुसऱ्या कोणाच्या, मेल्यावर दान केलेल्या डोळ्याचा तुकडा तिथे ठिगळ म्हणून लावायचा आणि त्यावर शिल्लक असलेला लाल पापुद्रा ओढून शिवायचा. ठिगळाला रक्त मिळालं तर जगेल. डोळा राहील, नजर किती राहील ते सांगता येत नाही. आणि तो लाल दिसेल. कायम.
मी विचारलं, किती लाल? हिनं माझ्याकडे असं बघितलं की पुढचा प्रश्न विचारला नाही.

२८ जुलै
ऑपरेशन झालं. डाव्यावर पट्टी. उजव्यानं लिहितोय, ओळी वर चढताहेत.
ही रोज सकाळी थेंब घालते. माझ्यापेक्षा चांगले घालते, एकही गालावर येत नाही. आज म्हणाली, मला सांगितलं असतंत तर डोळे पांढरे मी घरच्या घरी करून दिले असते.
मी हसलो. टाके ओढले गेले.
मग थोड्या वेळानं म्हणाली, पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुमचे डोळे लाल होते. मला वाटलं, हा माणूस येताना रडून आलाय. तेवढ्यावर हो म्हणाले. घरी येऊन आईला सांगितलं, मऊ माणूस आहे. आई म्हणाली, पिऊन आलाय. आमचं तेव्हापासून भांडण आहे.
सतरा वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं. कार्ड धरून आरशासमोर उभा राहत होतो, शेजारी ही दात घासत असायची.
डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पुसलं आणि म्हणाली, नॉर्मल.

१ सप्टेंबर
पट्टी निघाली. डोळा वाचला. डावा लाल, एका बाजूला जाड, शिवणीची रेघ दिसते. ठिगळानं जीव धरलाय. डॉक्टरीणबाई लाली बघून खूश झाल्या. म्हणाल्या, छान, अगदी लाल आहे.
नवे संकल्प: १) महिन्याभरात नजर पूर्ववत. २) शेड रूम परत ताब्यात. ३) साहेबांना कागदपत्रांसह खरं सांगणे, म्हणजे दारूचा डाग पुसला जाईल.

८ सप्टेंबर
साहेबांना सगळे कागद दाखवले. त्यांनी दोनदा वाचले. पाणी प्यायले. मग कागद ड्रॉवरमध्ये ठेवून म्हणाले, हे आपल्यातच राहू दे. व्यसनासाठी नियम आहे, रजा आहे, पगार आहे. डोळे पांढरे करण्यासाठी काहीच नाही. रेकॉर्डला दारूच असू दे, त्यात तुमचंच भलं आहे.
म्हणजे आता मी कायमचा सुधारलेला दारुडा. फेब्रुवारीत कँटीनमध्ये परत भाषण आहे. पॅकिंगवाल्या त्या माणसानं खास विचारलंय. तो अजून पीत नाही. त्याला खरं सांगायची सोय उरलेली नाही.

९ सप्टेंबर
नजरेची परीक्षा. एकोणीस पांढरी कार्डं, क्रमानं लावायची, उत्तरेच्या खिडकीपाशी. परीक्षक भिंग, तोच आता इन्चार्ज आहे.
दोनदा लावली. मला वाटलं, बरोबर आहेत. भिंगनं चष्मा काढून पुसला. म्हणाला, घाई नाही, आणखी एकदा लावा. तिसऱ्यांदा लावली. तो कार्डं गोळा करत म्हणाला, आज उजेड जरा कमी होता. उजेड भरपूर होता. भिंग वाईट माणूस नाही, हे मला वीस वर्षं दिसलं नव्हतं.

१५ सप्टेंबर, संध्याकाळी ६.००
बदली झाली. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे लोखंडाला लावायचा लाल प्रायमर बनतो. खिडकी नाही, ट्यूबलाइट आहे. काळा चष्मा चालतो. कोट कुठल्याही रंगाचा चालतो.
सही मात्र अजून माझीच लागते.
इथे शेड एकच असते. आज चार बॅचेस आल्या. चारही पास केल्या. एकही चुकली नाही.